पूर्ण बाह्यांचा ब्लाउज : कारागृह विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. अपर पोलीस महासंचालक व महानिरीक्षक,
कारागृह व सुधारसेवा, महाराष्ट्र राज्य, पुणे

तसेच राज्यातील महिला कारागृहांचे आणि महिला बराकींचे सर्व अधीक्षक, वैद्यकीय अधिकारी आणि महिला रक्षक

विषय : स्वतःला इजा करून घेतलेल्या बंदी स्त्रियांच्या अंगावरचे व्रण, त्यांचे उपचार आणि ते झाकण्याची मुभा

सादर नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका आहे. ३१ वर्षे सरकारी रुग्णालयांत काढली, त्यातली शेवटची ९ त्वचारोगाच्या ओपीडीत. निवृत्तीनंतर एका मैत्रिणीच्या ओळखीने एका महिला कारागृहात मंगळवारी जाऊ लागले, आरोग्याविषयी चार गोष्टी सांगायला. त्या कारागृहाचे नाव इथे लिहीत नाही. जे सांगणार आहे ते तिथल्या कोणा एकाच्या दुष्टपणातून झालेले नाही, आणि तसेच दुसरीकडेही होत असणार अशी माझी खात्री आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तिथे गळाभेट होती. एरवीची मुलाखत जाळीआडून नाहीतर काचेआडून. गळाभेटीला मात्र मुले आत येतात, आईच्या मांडीवर बसतात. आठवडाभर बराकीत दुसरा विषय नव्हता. कोणाचा मुलगा किती उंच झाला असेल, कोणाची मुलगी ओळखेल की नाही. त्यात एक मराठवाड्यातली बाई होती, शिक्षा लागून चार वर्षे झालेली. मुलगा आठ वर्षांचा, मावशीकडे वाढत होता. हिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत व्रण. काही पांढरे पडलेले, काही दोरीसारखे वर उठलेले. शिक्षा झालेल्या बायकांना हिरवी साडी असते, आणि तिथला ब्लाउज कोपराच्या बराच वर संपायचा. तिने कुठूनतरी जुने मोजे मिळवले, त्यांचे तळवे कापले आणि ते हातांत चढवले. मे महिन्यात, त्या पत्र्याच्या उकाड्यात, लोकरीचे मोजे.

भेटीआधीच्या झडतीत रक्षक म्हणाली, "हातात काय घातलंस? काढ." मोजे परवानगीच्या यादीत नव्हते. ती काही बोलली नाही, मागे वळली आणि बराकीत जाऊन बसली. मुलगा आणि मावशी बराच वेळ बाहेर थांबून एसटीने परत गेले. पुढच्या मंगळवारी मी विचारले तेव्हा म्हणाली, "सिस्टर, त्यानं विचारलं असतं आई हे काय, तर काय सांगू? मांजरानं ओरबाडलं म्हणू?"

ती रक्षक वाईट बाई नव्हती. नंतर तिनेच मला बाजूला घेऊन सांगितले की त्या रात्री तिला झोप लागली नाही. तिच्या हातात यादी होती आणि यादीत मोजे नव्हते. म्हणून हे पत्र तिच्याविरुद्ध नाही, त्या यादीविषयी आहे.

व्रणांकडे आपली व्यवस्था पाहतच नाही असे म्हणता येत नाही, ती १३० वर्षे पाहते आहे. १८९४ च्या कारागृह अधिनियमाचे कलम २४ सांगते की नव्या बंद्याची तपासणी करून त्याच्या अंगावरच्या जखमा आणि खुणा वहीत नोंदवाव्यात. स्त्रियांची ही झडती आणि तपासणी मॅट्रनने करावी, असेही त्यात आहे. म्हणजे पहिल्याच दिवशी तिचे हात उलटसुलट करून पाहिले जातात. "डाव्या हातावर जुने व्रण" एवढे लिहिले जाते आणि वही मिटते. पुढे तो रकाना कोणी उघडतो का? हे व्रण कसले, किती जुने, त्यांना खाज येते का, त्यांच्यामुळे तू मुलाला भेटायचे टाळतेस का, हे कोण विचारते? मी त्या कारागृहात तीन वर्षे जाते आहे. असे विचारले गेल्याचे मला एकीनेही सांगितलेले नाही.

आता माझ्या स्वतःविषयी लिहायला हवे, नाहीतर हे पत्र लिहिण्याचा मला अधिकार राहत नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी कॅज्युअल्टीत होते. पोलीस पहाऱ्यात अशा मुली यायच्या आणि आम्ही आपसांत म्हणायचो, "नाटकं आहेत, लक्ष वेधायला." एका मुलीला भूल न देता टाके घातले गेले, "स्वतः कापताना दुखलं नाही ना?" असे तिला विचारत. मी ट्रे धरून शेजारी उभी होते. एक शब्द बोलले नाही. ती ओठ मिटून छताकडे बघत राहिली. पुढच्या जखमा तिने कोणाला दाखवल्या असतील असे मला वाटत नाही. त्या दिवशी आम्ही तिला हेच शिकवले, की मदत मागायला गेलीस तर शिक्षा मिळते.

बायका स्वतः याविषयी काय सांगतात ते ऐकले तर नाटक हा शब्द तोंडात येणार नाही. एक म्हणाली, "डोक्यात भोंगा वाजतो, तो बंद होतो." दुसरीची कोर्टाची तारीख होती. गार्ड उपलब्ध नाही म्हणून तिला नेलेच नाही, पुढची तारीख दोन महिन्यांनी पडली, त्या रात्री. तिसरीला मुलीचे लग्न झाल्याचे शेजारणीच्या पत्रातून कळले. आतल्या अनेक जणींनी बाहेर असताना मार खाल्लेला आहे, काहींनी त्याहून वाईट सोसलेले आहे. काहींचे व्रण तर कारागृहात येण्याच्या कितीतरी आधीचे, सोळाव्या-सतराव्या वर्षीचे. बहुतेकींना त्या क्षणी मरायचे नसते, कसेतरी पुढचा तास काढायचा असतो. पण स्वतःला इजा करून घेणाऱ्यांत पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला असतो, म्हणून "ही तर नेहमीचीच" म्हणून सोडून देणे जिवावर बेतू शकते.

किती जणी आहेत? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशभरच्या कारागृहांत २३,७७२ स्त्रिया होत्या. त्या वर्षी कारागृहांत ११९ बंद्यांनी आत्महत्या केल्याची नोंदही त्यात आहे. मेलेल्यांचा आकडा असा लगेच सापडतो. जखम करून घेऊन जगलेल्यांचा आकडा मला त्या अहवालात सापडला नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र तो मोजतात. तिथल्या २००४ ते २००९ च्या नोंदींचा मोठा अभ्यास झाला. त्यात दरवर्षी शंभरातल्या ५ ते ६ पुरुष बंद्यांनी स्वतःला इजा केल्याचे दिसले, आणि शंभरातल्या २० ते २४ स्त्रियांनी. आपल्याकडे प्रमाण तेवढेच आहे असे मी म्हणत नाही. पण मोजल्याशिवाय ते कमी आहे असेही कोणी म्हणू नये.

जखम भरली की आपल्या लेखी प्रकरण संपते. त्वचेच्या लेखी ते तेव्हा सुरू होते. व्रण पूर्ण मुरून निवायला वर्ष-दीड वर्ष लागते. तोवर तो लाल, ताठर आणि खाजरा असतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत काही व्रण जखमेची हद्द ओलांडून पसरतात, त्याला केलॉइड म्हणतात. उन्हाळ्यात, घामात, अंगाला अंग लागेल अशा बराकीत ती खाज काय असते ते ज्याला झाली त्यालाच ठाऊक. एक मुलगी झोपेत खाजवायची, सकाळी चादरीला रक्त. रक्त दिसले की "पुन्हा केलंस ना?" म्हणून जबाब घ्यायला बोलावणे. तिने काहीच केलेले नव्हते. तिला दहा मिनिटांची मालिश, पेट्रोलियम जेलीची डबी आणि खाजेची गोळी हवी होती. उठलेल्या व्रणांवर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल लावतात, दिवसाचे बारा तास तरी, दोन-तीन महिने नेटाने. केलॉइडमध्ये स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात, काही आठवड्यांच्या अंतराने. यातले काहीही परदेशातून आणावे लागत नाही. कोणत्याही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचा विभागात हे रोज चालते. भायखळ्याच्या कारागृहापासून जे. जे. रुग्णालय जवळ आहे, येरवड्याहून ससून फार लांब नाही. महिन्यातून एकदा तिथला एक निवासी डॉक्टर आत आला तर वीस बायकांना गार्ड लावून बाहेर न्यावे लागणार नाही.

व्रण झाकणारे क्रीमही असते. इंग्लंडमध्ये महिला तुरुंगात ते वापरून पाहिले गेले आहे, पण मला ते शिकायला इंग्लंडला जावे लागले नाही. आपल्या ओपीडीत कोडाच्या रुग्णांसाठी आम्ही तेच करतो. लग्न ठरलेल्या मुली येतात, मुलाखतीला जाणारे तरुण येतात, त्यांना रंग जुळवून लावायला शिकवतो. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एक कच्ची कैदी केलॉइड दाखवायला आली होती. वय बाविसाच्या आसपास, सोबत महिला पोलीस. इंजेक्शन झाल्यावर मी तिला विचारले, झाकायचे आहेत का? तिला प्रश्नच कळला नाही. मग तिला खिडकीशी बसवले, कारण ट्यूबलाइटमध्ये रंग फसतो. माझ्या हाताच्या पाठीवर दोन छटा कालवल्या, जमल्या नाहीत, तिसरी थोडी तांबूस घातली तेव्हा जमल्या. जुन्या, पूर्ण भरलेल्या व्रणांवर बोटाने थोपटत लावले, चोळले नाही. वर पावडर टाकली, दहा मिनिटे थांबलो, ब्रशने झटकली. "आता नळाखाली धर." तिने हात धरला आणि धरूनच ठेवला. पाणी वाहत होते आणि रंग जात नव्हता. मग तिने विचारले, "झोपेतपण राहतं का?"

राहते, एखादा दिवस सहज राहते. उंचवटा मात्र लपत नाही, बाजूने उजेड पडला की सावली दिसते, हेही मी तिला सांगितले. तोवर त्या महिला पोलीस शिपायाने स्वतःचा हात पुढे केला होता, "सिस्टर, माझ्यापण हातावर तेलाचा डाग आहे, बघता का?" त्या दहा मिनिटांत त्या दोघी एका बाकावर शेजारी बसून एकमेकींचे हात बघत होत्या. इतक्या वर्षांत आरोपी आणि गार्ड अशा बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

महोदय, माझे मागणे त्या एका प्रश्नापाशी येते : झाकायचे आहेत का? व्रण कोणी पाहावा, कधी पाहावा, हे ठरवणे त्या बाईच्या हातात असू द्या. सगळ्याच जणींना झाकायचे नसतात. मंगळवारच्या गटात एक पन्नाशीची बाई आहे, ती बाह्या वर करून फिरते. म्हणते, "हे माझं आहे, यातून मी बाहेर आले." तिला झाका म्हणणे हाही जुलूमच. पण जिला कोर्टात न्यायाधीशांसमोर, वकिलासमोर, सासरच्यांसमोर उभे राहायचे आहे, जिला सुटल्यावर धुणीभांड्याचे काम मागायला दारोदार जायचे आहे, तिला निवड हवी.

सगळ्यात सोपे आहे ते कापड. शिक्षाबंदी स्त्रियांच्या गणवेशात, जिला हवा असेल तिला, मनगटापर्यंत बाह्यांचा सुती ब्लाउज मिळावा. शिवायला बाहेरची निविदा काढायला नको, तुमच्याच शिलाई विभागात बायका बसलेल्या आहेत. त्या मराठवाड्यातल्या बाईसाठी असे एकदा घडलेही. एका तुरुंग अधिकारी मॅडमनी स्वतःच्या जबाबदारीवर परवानगी दिली. तिने ब्लाउज शिवला, पुढच्या गळाभेटीला गेली, मुलगा तिच्या मांडीवर बसून दोन बिस्किटचे पुडे संपवून गेला. तिने त्या दिवसाचे वर्णन मला तीन मंगळवार सांगितले. मग मॅडमची बदली झाली. नव्या मॅडम म्हणाल्या, गणवेशात फरक चालणार नाही, आणि बाह्या उसवायला लावल्या. एखाद्या मॅडमच्या चांगुलपणावर हे चालू शकत नाही. परिपत्रक हवे.

यावर तुमची हरकत काय असेल ते मला ठाऊक आहे, कारण अधिकाऱ्यांनी ती मला बोलून दाखवली आहे. लांब बाहीखाली ताजी जखम लपेल. ही काळजी खरी आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. पण आज उघड्या हातांनी काय होते? ज्यांना लपवायचे असते त्या मांडीवर, पोटावर करून घेतात, जिथे गार्डची नजर जात नाही आणि जिथली जखम चिघळेपर्यंत कोणाला कळत नाही. जाता-येता हातांवर टाकलेल्या नजरेने जखमा सापडत नाहीत. आठवड्यातून एकदा परिचारिकेने, पडद्याआड, एकटीला, "या आठवड्यात कसं गेलं?" असे विचारून तपासले तर सापडतात, कारण बाई स्वतःच सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१० मध्ये स्त्री बंद्यांसाठी जे बँकॉक नियम स्वीकारले, त्यातला ११ वा नियम सांगतो की तपासणीच्या वेळी आरोग्य कर्मचाऱ्यांशिवाय कोणी हजर राहणे अटळच असेल तर ती स्त्री कर्मचारी असावी आणि बाईचा खाजगीपणा, प्रतिष्ठा जपली जावी. १६ वा नियम आत्महत्या आणि स्वतःला इजा रोखण्याचे धोरण महिला कारागृहांच्या मानसिक आरोग्यसेवेचा भाग करायला सांगतो. दुसरी हरकत क्रीमने ओळखीच्या खुणा झाकल्या जातील ही. बोटांचे ठसे, छायाचित्र, सगळे तुमच्याकडे आहे. आणि झडतीच्या वेळी क्रीम पुसता येते, पडद्याआड. डब्या बराकीत नको असतील तर दवाखान्याच्या कपाटात ठेवा, ज्या दिवशी मुलाखत किंवा तारीख असेल त्या दिवशी द्या.

एक भीती मात्र तुम्हीच दूर करू शकता. जखम दाखवली तर गुन्हा दाखल होईल, असे बायका एकमेकींना सांगतात. ही अफवा म्हणावी तर तिला आधार आहे. जुन्या भारतीय दंड संहितेतले आत्महत्येच्या प्रयत्नाचे कलम ३०९ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही, पण कलम २२६ आले आहे : लोकसेवकाला कर्तव्य करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा. आत राहणाऱ्या बाईच्या अवतीभोवती सतत लोकसेवकच असतात. "मला तारखेला न्या" असे ओरडत तिने स्वतःला इजा केली, तर ते दडपण म्हणायचे की तळमळ? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम ११५ उलट दिशेने बोलते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असे धरून चाला आणि सरकारने तिची काळजी घ्यावी, असे ते सांगते. अधीक्षकांना लेखी कळवा की अशा घटनेत पहिला कागद दवाखान्याचा असेल, जबाबाचा नाही. जुन्या अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये मुद्दाम स्वतःला कामासाठी असमर्थ करणे हा कारागृहातला अपराध ठरवला आहे. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांना कारागृहांसाठी नवा नमुना अधिनियम दिला, त्यानंतर आपल्याकडे जे नियम लिहिले जातील त्यात ही भाषा शिरू नये.

त्याच २०१७ च्या कायद्याने प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असावे, आणि कारागृहातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे असे सांगितले आहे. येरवड्यात महिला कारागृह आणि प्रादेशिक मनोरुग्णालय एकाच भागात आहेत. महाराष्ट्राने ते एक केंद्र महिलांसाठी करायचे ठरवले तर जागा शोधावी लागणार नाही. बंद्यांच्या फोनवरून लागणाऱ्या क्रमांकांत वकील आणि नातलगांबरोबर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक घाला. बाहेरच्या कोणालाही तो दिवसरात्र, मराठीतून, विनामूल्य लागतो. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात स्वतःला इजा करायचे येत असेल तर तुम्हीही तो लावा, आणि जवळच्या एखाद्या माणसाला आजच सांगा.

महिला रक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. तुम्ही आठ-दहा तास उभ्या असता, घरी मुले ताटकळलेली असतात, आणि रात्रीच्या पाळीत काही घडले तर पहिली चौकशी तुमचीच होते. मला ते दिसते. तरी नव्या आलेल्या बाईचे हात दिसले की "हे काय केलंस?" असे सगळ्यांसमोर विचारू नका. "पाणी घेतलंस का?" असे विचारा. जुन्या व्रणांवर टोपणनावे पाडू नका. त्या बराकीत एकीला जे नाव पडले होते ते मी इथे लिहिणार नाही. तिची मुलगी तेव्हा आतच तिच्याजवळ होती, सहा वर्षांची व्हायची होती, आणि बालवाडीत अंक शिकत होती. आईच्या हातावरच्या रेघांवर बोट ठेवून ती मोजायची. आई मोजू द्यायची. बाराच्या पुढे तिला येत नव्हते, मग पुन्हा एकपासून.

मी अजूनही मंगळवारी सकाळी १० ते १ मोकळी असते. कोडाच्या ओपीडीत काम केलेल्या आणखी दोघी निवृत्त सिस्टर यायला तयार आहेत. एका दिवसात तुमच्या दवाखान्यातल्या परिचारिकेला आणि दोन बंदी स्त्रियांना छटा जुळवायला शिकवता येईल, पुढे त्याच इतरांना शिकवतील. पहिल्या तीन महिन्यांचे क्रीम आणि पावडर आम्ही आणू. तुमच्याकडून एक खोली हवी. तिला दार असावे, खिडकीतून दिवसाचा उजेड यावा आणि आत एक नळ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका